पालथं पडून वाचायची पुस्तकं

आमच्या ऑफिसात मला जी खुर्ची दिली आहे, तिला माझ्या पाठीपेक्षा जास्त खटके आहेत. रुजू झाले त्या दिवशी एक मुलगा येऊन ती माझ्या मापाची करून गेला. हात इथे ठेवा, मान तिथे टेका, कंबर मागे लावा, सगळं नीट समजावून गेला. चांगला मुलगा होता बिचारा. तरी दुपार कलली की माझी पाठ कुरकुरायला लागतेच. मी कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की लोक लगेच व्यायाम सुचवतात.

आणि व्यायाम म्हटलं की मला सर आठवतात. मग उरलेला दिवस कामात लक्ष लागत नाही, ते वेगळंच.

सर आमच्या बिबवेवाडीतल्या शाळेत पी.टी. शिकवायचे. लोणी काळभोरचे. घरची शेती, चार म्हशी, आणि रोज तिथून मोटरसायकलवर शाळेला येणं. डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात लाल दोरीत शिट्टी. शिक्षकांच्या खोलीत सगळे अगदी तोलून मापून बोलत असताना सर आपले मोकळेपणानं ‘हाय’ आणि ‘न्हाई’ करायचे. कुणी हसलं तर तेही हसायचे. आपल्याला हसतायत हे त्यांना कळायचं का, हे मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक कळत असावं.

खो-खोच्या मुलांना खांबापाशी सूर कसा मारायचा ते दाखवताना सरांचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, महिनाभर घरी बसले, आणि लंगडत परत आले तेव्हा मैदान दुसऱ्याकडे गेलं होतं. आता या माणसाचं करायचं काय? आमच्या शाळेत या प्रश्नाचं एकच उत्तर असायचं, ते म्हणजे ग्रंथालय. कुणाचा घसा बसला, ग्रंथालय. कुणी रिटायरमेंटला टेकलं, ग्रंथालय.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, त्यांना बोलावून घेतलं. हा संवाद सर पुढे आम्हाला इतक्या वेळा करून दाखवायचे की मला तो पाठ आहे.

“सर, उद्यापासून आपण ग्रंथालय सांभाळा. तिथे धावावं लागत नाही.”

“बाई, मी जल्मात पुस्तक पुरं केलेलं न्हाई.”

“हरकत नाही. आमच्या मुलांनीही केलेलं नाही. जमेल आपलं.”

आणि खरंच, सर वाचायचे नाहीत. वाचायला बसले की दुसऱ्या पानावर त्यांची मान छातीवर यायची. आयुष्यभर पहाटे उठलेला माणूस तो. बसला की झोपणारच.

मी तेव्हा पाचवीत होते. त्याच वर्षी माझ्या पाठीला बाक असल्याचं निघालं. डॉक्टरांनी पट्टा दिला. पट्टा म्हटलं की लोकांना कंबरेचा पट्टा वाटतो. हा काखेपासून खाली मांडीपर्यंत येणारा प्लॅस्टिकचा कडक साचा होता. मागून आवळून बांधायचा आणि झोपतानासुद्धा काढायचा नाही. उभं राहिलं तर चालून जायचं. बसलं की खालची कड मांडीत घुसायची, वरची काखेत. वर्गातल्या बाकावर मी तास कसे काढले ते माझं मलाच माहीत. फळ्यावर काय लिहिलंय याकडे लक्ष कुठलं? घंटेकडे कान.

पहिल्या चाचणीत मी दोन विषयांत नापास झाले. त्या संध्याकाळी आई स्वयंपाकघरात बाबांना म्हणाली, “मी शाळेत जाऊन बोलते. पट्टा आहे तोवर घरीच राहू दे तिला. मी घेईन अभ्यास. रोज रडत येते हो पोरगी.” बाबांनाही ते पटलं. मी दाराआड उभी होते. मला शाळा सोडायची नव्हती. आमच्या दोन खोल्यांच्या घरात दिवसभर आईच्या समोर पट्टा बांधून बसायचं, हे तर मला नकोच होतं. पण शाळेत राहायचं तर बसायचं कुठे, हेही कळत नव्हतं.

खेळाच्या तासाला मला सूट होती. तो तास मी वर्गात एकटी काढायचे. सरांकडे ग्रंथालय आल्यावर मला तिकडे पाठवायला लागले.

तेव्हाचं ग्रंथालय म्हणजे एक लांबट, अंधारी खोली. कुलूप लावलेली कपाटं, मध्ये लोखंडी टेबलं, भोवती लोखंडी स्टुलं. भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी फळी. ती नसती तरी चाललं असतं. त्या खोलीत कोणी यायचंच नाही. मी दारात उभी राहिले. सर स्टुलावर बसून शिट्टीला पाणी लावून पुसत होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मैदानावर नवा गडी बघायचे तसं.

लोक मला तेव्हा दोनच प्रश्न विचारायचे. दुखतं का? आणि बरं होणार ना? सरांनी विचारलं, “तुला कसं बसल्यावर बरं वाटतं?”

असं कुणी विचारलंच नव्हतं. मी विचार केला आणि म्हणाले, “कसंच नाही.”

“मग बसू नको की! बसायचंच आसं कुठं लिवलंय? उभं ऱ्हाऊ, आडवं पडू, न्हाईतर लोंबकळू.”

मी हसले. त्या शाळेत त्या वर्षी पहिल्यांदाच हसले असेन.

मग त्यांचे प्रयोग सुरू झाले. पुढचे कित्येक तास आम्ही एक अक्षर वाचलं नाही. मला खिडकीच्या कट्ट्यावर बसवून बघ, भिंतीला टेकवून बघ, दोन स्टुलं जोडून त्यावर तिरपी कर. दर वेळी सर विचारायचे, “कुठं टोचतंय?” आणि मी जागा दाखवायचे. एक दिवस ते जिम्नॅस्टिकच्या जुन्या गाद्या घेऊन आले. मैदानाच्या खोलीत उंदरांच्या तावडीत पडलेल्या, काथ्या बाहेर आलेल्या. त्यांनी त्या झोडपल्या, उन्हात टाकल्या, घरून बायकोकडून अभ्रे शिवून आणले. त्यातली एक गादी जमिनीवर, दुसरीची गुंडाळी करून माझ्या छातीखाली, आणि पुढे पाटाएवढं बुटकं स्टूल. मला म्हणाले, “पड पालथी.”

मी पडले. आणि टोचलं नाही! ना मांडीत, ना काखेत. मी तशीच पडून राहिले. सर म्हणाले, “आता हलू नको, सापडलं,” आणि कपाट उघडून हाताला लागलं ते पुस्तक माझ्यासमोर स्टुलावर ठेवलं. होडीतून वाहत जाऊन एका बेटावर अडकलेल्या मुलीची गोष्ट होती. पुस्तक चांगलं होतं की वाईट ते मला आजही कळत नाही. मी ते त्या तासाला सुरू केलं आणि घंटा ऐकू आली नाही, एवढं मात्र खरं.

मान वर केली तेव्हा माझ्या गादीभोवती पांढरी रेघ होती. मैदानावर आखणी करायला फक्की वापरतात, त्या पांढऱ्या पुडीची. सरांनी चिमटीनं ओढलेली, अगदी सरळ. पुढचा वर्ग आत येऊन उभा होता आणि सर त्यांना रेघेच्या पलीकडे अडवून दबक्या आवाजात सांगत होते, “रेघंच्या आत जायचं न्हाई. पोरगी वाचतीय. पाय पडला तर गडी बाद!”

तो त्या खोलीचा पहिला कायदा. पुढे तोच एकमेव राहिला. कुणी वाचनात बुडालं की सर आवाज न करता जायचे आणि त्याच्याभोवती फक्की ओढायचे. त्या रेघेच्या आत कुणी जायचं नाही, आतल्याला हाक मारायची नाही, खांद्याला हात लावायचा नाही. आपल्याभोवती रेघ यावी म्हणून काही आगाऊ मुलं वाचायचं नाटक करायची. सरांना ते लांबून कळायचं. “पान कोण उलटणार, तुजा बाप?” एवढंच म्हणायचे आणि पुढे जायचे.

मुलं यायला लागली. आधी खेळात दुखापत झालेली, मग न झालेली. बूट दाराबाहेर, पाय धुवून आत, हे सरांचं बंधन होतं. दारात पाण्याची बादली आणि तांब्या ठेवलेला असायचा. मोज्यांचा वास म्हणजे काय ते शिक्षकांनाच विचारा. उन्हाळ्यात खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावायचे आणि त्यांवर पाणी मारायचे. तो वास मला अजून कुठे आला, तर मी रस्त्यात थांबते. तास सुरू झाला की सर हळूच म्हणायचे, “विश्राम.” मैदानावर विश्राम म्हणजे पाय फाकवून हात मागे. इथे विश्राम म्हणजे ज्याला जसं बरं वाटेल तसं. कुणी टेबलाखाली, कुणी कट्ट्यावर, कुणी दोघं पाठीला पाठ लावून. ‘शांतता राखा’ची फळी सरांनी उतरवली आणि पालथी घालून तिच्यावर पाण्याचा माठ ठेवला. “आता लय उपेगाची झाली,” म्हणाले.

पण सरांचा खरा पराक्रम म्हणजे पुस्तकांची मांडणी. मोठ्या बाईंनी त्यांना सांगितलं होतं, विषयवार लावा. आता सरांना विषय काय कळणार? त्यांनी आपल्याला कळत होतं त्याप्रमाणे लावली. मूल पुस्तक परत आणायचं तेव्हा ते विचारायचे, “कसं वाचलंस?” मूल म्हणायचं, टेकून. मग ते पुस्तक टेकून वाचायच्या कपाटात. पालथं पडून वाचायची पुस्तकं सगळ्यात खालच्या फळीवर, म्हणजे पडल्यापडल्या हात पोचेल. मांडी घालून वाचायची त्याच्या वर. खिडकीत बसून वाचायची खिडकीशेजारी. एकाच लेखकाची चार पुस्तकं चार दिशांना गेलेली.

मोठ्या बाई मराठी शिकवायच्या. एकदा त्या शब्दकोश शोधायला आल्या. शोधून शोधून दमल्या.

“सर, शब्दकोश कुठे ठेवलाय आपण?”

“उभ्यानं वाचायच्यात हाय की. दाराजवळ.”

“शब्दकोश उभ्यानं वाचतात, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.”

“बाई, बसून कोण वाचतंय त्यो? बगायचं आन निघायचं.”

बाईंनी शब्दकोश घेतला, दाराशी उभ्या राहून शब्द बघितला आणि निघून गेल्या. बाहेर गेल्यावर त्या हसल्याचं मी ऐकलं. नंतर त्यांनी कबूल मात्र कधी केलं नाही.

सरांचं म्हणणं असं, की डोकं चालायला हवं असेल तर आधी ढुंगण सुखात पाहिजे. हे वाक्य ते पालकांच्या सभेतही बोलले. तेव्हापासून त्यांना पालकांच्या सभेत बोलू देत नसत.

स्वतः वाचत नसले तरी गोष्टींची त्यांना भारी ओढ. डबा खाताना कुणालातरी धरायचे. “कशावर हाय ते? आन पुढं काय झालं?” मग ऐकत राहायचे, घास हातात तसाच. पण मधल्या सुट्टीची घंटा व्हायची आणि गोष्ट अर्धी राहायची. त्यामुळे सरांच्या डोक्यात सगळ्या गोष्टी अर्ध्या, आणि त्यांची आपापसांत सरमिसळ. चोर पकडणाऱ्या मुलांच्या टोळीला ते उडत्या घोड्यावर बसवायचे. माझ्या बेटावरच्या मुलीची मात्र त्यांना खरीच काळजी लागून राहिली होती. मला बघितलं की विचारायचे, “ती पोरगी आली का गं घरी?” मी सांगायला सुरुवात करायची आणि काहीतरी मध्ये यायचंच. घंटा, शिपाई, नाहीतर त्यांची झोप.

आई शाळेत आली तो दिवस मला सरांनी आणि आईनं, दोघांनी सांगितलाय. मला स्वतःला त्यातलं काही आठवत नाही, कारण मी रेघेच्या आत होते. आई मोठ्या बाईंना भेटून मला काढून न्यायला आली होती. वाटेत ग्रंथालयाच्या दारातून तिनं मला जमिनीवर पालथी पडलेली बघितली आणि घाबरून आत धावली. तिला वाटलं, मी पडले. सर आडवे आले.

“ताई, थांबा. रेघ हाय.”

“अहो, माझी मुलगी आहे ती!”

“हाय ना. तुमचीच हाय. पण दोन पानं ऱ्हायलीत, तेवढं होऊ द्या.”

आई उभी राहिली. मी पान उलटत होते, पाय हवेत हलवत होते. पट्टा लागल्यापासून तिनं माझे पाय असे हललेले बघितले नव्हते. ती म्हणते, “मी तिथे रडले नाही.” सर म्हणायचे, “तुझी आई लय रडली.” मी सरांवर विश्वास ठेवते. ती मोठ्या बाईंकडे गेलीच नाही. रात्री बाबांना म्हणाली, “ही खोली आहे तोवर राहू दे तिला शाळेत.”

ही खोली आहे तोवर. ते शब्द मी ऐकले, आणि तेव्हापासून ती खोली जाईल की काय या भीतीनं माझी झोप उडाली.

आणि झालं तसंच. सहामाहीनंतर शाळेची तपासणी लागली. मोठ्या बाईंनी सरांना सांगितलं, त्या दिवसापुरतं सगळं नियमाप्रमाणे दिसलं पाहिजे. टेबलं, स्टुलं, फळी. गाद्या परत मैदानाच्या खोलीत. मला वाटलं सर भांडतील. पण सर खेळाडू माणूस, वरून हुकूम आला की संपलं. त्यांनी गाद्या उचलल्या, फक्की पुसली, माठाखालची फळी काढून भिंतीला लावली. मला इतका राग आला की मी त्यांच्याशी बोललेच नाही. ते “एक दिस हाय गं” म्हणत मागे मागे येत होते आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी होते.

तपासणीचे साहेब आले तेव्हा आमचाच वर्ग ग्रंथालयात होता. सगळे स्टुलांवर ताठ, हातात पुस्तकं. साहेब चांगले होते, वयस्कर, हळू बोलणारे. मोठ्या बाई शेजारी. साहेबांनी विचारलं, “मुलं वाचतात का रोज?” मोठ्या बाई म्हणाल्या, “समोर दिसतातच आपल्याला.” दिसत होतं ते असं, की कुणीच पान उलटत नव्हतं. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर होते. खालची कड मांडीत रुतली होती. मी रडायचं नाही असं ठरवलं होतं आणि डोळे भरून आले होते.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी त्या खोलीत कधीही केली नव्हती ती गोष्ट केली. शिट्टी तोंडात घातली आणि फुंकली.

साहेब दचकून एक पाऊल मागे सरकले. सर मैदानावरच्या आवाजात ओरडले, “विश्राम!”

बापरे! एका क्षणात वर्गातलं एक मूल स्टुलावर राहिलं नाही. कुणी टेबलाखाली, कुणी खिडकीत, कुणी भिंतीला. गाद्या नव्हत्या तर मुलांनी दप्तरं खाली घेतली. मी फरशीवर पालथी पडले आणि माझ्या वर्गातल्या दोघींनी न सांगता आपली दप्तरं माझ्या छातीखाली सारली. मग खोली शांत झाली. पानं उलटल्याचा आवाज यायला लागला.

“सर, हे काय चाललंय?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“वाचन तास, बाई. मगाशी न्हवता चालू. आत्ता झालाय.”

साहेब बराच वेळ उभे होते. ते खाली बसतील, पुस्तक हातात घेतील, असं मला फार वाटत होतं. तसं काही झालं नाही. ते आमच्या पायांमधून जपून वाट काढत बाहेर गेले. अहवालात शेरा आला, ‘ग्रंथालयातील बैठक व्यवस्था अयोग्य. त्वरित सुधारणा करावी.’

मोठ्या बाईंनी तो कागद सरांना वाचून दाखवला. सर मान खाली घालून उभे. बाई म्हणाल्या, “आपली निवृत्ती कधी आहे?” सरांनी वर्ष सांगितलं. बाई म्हणाल्या, “ठीक आहे. त्वरित म्हणजे नेमकं कधी, ते यात लिहिलेलं नाही. तोपर्यंत मला त्या खोलीकडे यायला वेळ होणार नाही. आणि ती शिट्टी जरा घरी ठेवत जा.”

अशी ती खोली राहिली. पट्टा निघेपर्यंत राहिली. दहावीच्या निरोप समारंभाला मी सगळ्यांच्या पाया पडले आणि सर म्हणाले, “आता सरळ झालीस, आता कुठंबी बस.” त्यांना काय माहीत? मी सगळीकडे बसले. कॉलेजात, होस्टेलवर, नोकरीत, लग्नाच्या मांडवात. पण त्या गादीवर जसं सगळं अंग सैल सोडून, वेळ विसरून पडले होते, तसं परत कुठेच जमलं नाही. घरी मी जमिनीवर पालथी पडून बघितलंय. पाच मिनिटांत फोन वाजतो, बेल वाजते, कुकर होतो. भोवती रेघ नसते ना.

गेल्या डिसेंबरात शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. मी आधी ग्रंथालयात गेले. खोली ओळखूच येईना. भिंतीवर झाडं रंगवलेली, छतावर कागदी फुलपाखरं, दारावर ‘आनंददायी वाचनकोपरा’. आणि छान गुबगुबीत रंगीत बीनबॅग. माझं मन एकदम भरून आलं. जवळ जाऊन बघितलं तर त्यांच्यावरचं प्लॅस्टिक तसंच.

“मुलं बसत नाहीत यावर?” मी तिथल्या तरुण बाईंना विचारलं.

“खराब होतात हो. पाहुणे आले की काढतो फोटोला.”

तिचा तरी काय दोष? बीनबॅग तिच्या नावावर असणार. मी खाली वाकून सगळ्यात खालच्या फळीवर हात फिरवला. तिथे रजिस्टरांचे गठ्ठे होते. मात्र विषयवार लावलेल्या कपाटात बेटावरच्या मुलीचं पुस्तक सापडलं, तेच, कोपरे खाल्लेलं. ते मी मागून घेतलं. बाई म्हणाल्या, “घेऊन जा, नाहीतरी रद्दीतच काढणार होतो.” तिथेच मला कुणीतरी सांगितलं, सरांचा खुबा मोडलाय, अंथरुणाला खिळलेत.

पुढच्याच रविवारी मी लोणी काळभोरला गेले. सरांची सून दारात आली. चाळिशीची, चटपटीत बाई. “या ताई,” म्हणाली, “दादांचं काय सांगू? बसवत न्हाई, झोपवत न्हाई. आन त्यात नातवंडं वाचाय बसली की त्यांच्याभवती फक्की मारायला लावत्यात मला. आता फक्की कुठनं आणू? माजी सगळी रांगोळी संपिवली!” रागावून सांगत होती, पण तिच्या पदराला पांढरी बोटं पुसलेली दिसत होती.

सर खाटेवर होते. इतके लहान झालेले की मी दाराशीच थबकले. शिट्टी उशाला खिळ्यावर टांगलेली. मला वाटलं ओळखणार नाहीत. मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले आणि ते म्हणाले, “आजून डाव्या अंगावर भार टाकतीस.”

मी विचारलं, “सर, तुम्हाला कसं झोपल्यावर बरं वाटतं?”

त्यांनी छताकडे बघितलं. “कसंच न्हाई.”

मी उठले. पदर खोचला. उशी काढली, दुसरी घातली. गुडघ्यांमध्ये घडी करून गोधडी ठेवून बघितली, पाठीमागे लोड सारून बघितला. दर वेळी मी विचारायचे, “कुठे टोचतंय?” ते सांगायचे. सून कपडे, उशा आणून देत होती. बराच वेळ गेला. शेवटी उजव्या कुशीवर, लोडाला पाठ, कोपराखाली दुमडलेली चादर, असं जमलं. सरांनी श्वास सोडला. “हां,” म्हणाले. “हलवू नको आता. सापडलं.”

मी घाम पुसत खुर्चीकडे वळले तर म्हणाले, “खुर्चीत कशाला? पड की.”

“सर, आता वय झालं माझं.”

“वय मला सांगतीस?”

सुनेनं हसत सतरंजी टाकली, लोडाची गुंडाळी दिली. मी खाटेशेजारी पालथी पडले. पाठ आधी करकरली, मग सैल झाली. मी पिशवीतून पुस्तक काढलं. सरांनी मुखपृष्ठ बघितलं आणि त्यांचे डोळे चमकले. “ती पोरगी आली का गं घरी?”

“वाचते. पण आज झोपायचं नाही. शेवटपर्यंत ऐकायचं.”

“न्हाई झोपत. वाच.”

मी वाचायला लागले. होडी सुटली, वारा फिरला. दुसऱ्या पानावर खाटेवरून घोरण्याचा आवाज आला. मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच. त्यांचा चेहरा मोकळा होता, कपाळावरची आठी गेलेली. मी थांबले नाही. आवाज खाली आणला आणि वाचत राहिले, मग कधीतरी मनातल्या मनात वाचायला लागले. मुलगी बेटावर पोचली, तिनं पानांचं छप्पर केलं, पावसात ते वाहून गेलं. बाहेर म्हैस ओरडली असेल, हायवेवरून गाड्या गेल्या असतील. मला काही कळलं नाही.

मान वर केली तेव्हा उन्हं कलली होती. सर झोपलेलेच होते. आणि खाट नि माझी सतरंजी, दोघांना एकत्र घेऊन फरशीवर पांढरी रेघ ओढलेली होती, रांगोळीची, जराशी वाकडी. रेघेच्या पलीकडे चहाचा कप होता, बशीनं झाकलेला. दाराशी सून उभी होती, मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

दोन पानं राहिली होती. मी पान उलटलं.